पर्यटकांचे लोंढे आणि पालिकांच्या हद्दी

पर्यटक हद्दी पाहून फिरत नाहीत. मुक्काम एका गावात, जेवण दुसऱ्यात आणि गाडी तिसऱ्यात असा त्यांचा दिवस जातो. त्यामुळे मुक्कामाचा कर एका पालिकेला मिळतो आणि कचरा उचलण्याचा खर्च भलत्याच पालिकेवर पडतो.

सांडपाण्याच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. शुद्धीकरण केंद्रात सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि वाढलेल्या घाणीला पुरेशी त्यांची संख्या होण्यास काही दिवस लागतात. सुट्टीत गावाची लोकसंख्या अचानक दुप्पट झाली, तर जिवाणू कमी पडतात, अर्धवट शुद्ध झालेले पाणी नदीत जाते आणि फटका बसतो तो खालच्या अंगाच्या गावाला, ज्याला त्या केंद्राच्या कारभारात काहीच बोलता येत नाही. म्हणून क्षमता वार्षिक सरासरीवरून नव्हे, तर ऐन गर्दीच्या दिवसांवरून आणि नदीचे संपूर्ण खोरे विचारात घेऊन ठरवावी लागते.

एकट्या गावाचे निर्बंधही फारसे टिकत नाहीत, कारण वाहनतळ बंद केला की गाड्या शेजारच्या गावात उभ्या राहतात. सामायिक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी उजाड होते, असे अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम ठरवून त्यांच्या पालनावर लक्ष ठेवले तर कुरण राखता येते, हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवले आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पर्यटनस्थळे याच प्रकारचे कुरण आहेत, असे मला वाटते.

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील शंभराहून अधिक गावांनी अशी व्यवस्था उभारली आहे. पाहुण्यांकडून घेतल्या जाणाऱ्या करातील छोटा वाटा सामायिक निधीत जातो आणि त्याच्या बदल्यात पाहुण्यांना ‘कोनुस’ कार्डावर त्या भागातील बस व रेल्वेने मोफत फिरता येते. इटलीतील चिंक्वे तेर्रे येथील पाच गावे तीन पालिकांत विभागलेली आहेत. तिथे पायवाटा आणि रेल्वे यांचे एकत्रित कार्ड राष्ट्रीय उद्यानामार्फत दिले जाते.

मोजणी मात्र बहुतेक ठिकाणी कच्ची आहे. हॉटेलांच्या नोंदींत मुक्कामी पाहुणे दिसतात, सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे दिसत नाहीत. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांवर ५ युरो शुल्क लावले. त्यासाठी होणाऱ्या आगाऊ नोंदणीतून गर्दीचा अंदाज आधीच बांधता येतो. असा अंदाज शेजारच्या पालिकांनाही मिळाला, तर जादा बस आणि कचरागाड्या कुठे पाठवायच्या हे त्यांना आदल्या दिवशीच ठरवता येते.