ही खुर्ची रिकामी कशी झाली?

बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर थांबला आहे. पांढरा राजा आणि हत्ती आपापल्या मूळ घरांत आहेत, मधली घरं मोकळी आहेत. किल्लेकोट (कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करता येईल का? नुसत्या पटाकडे बघून सांगता येत नाही. राजा मध्ये कधीतरी एक घर पुढे जाऊन परत आला असेल, तर तो हक्क केव्हाच गेला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करता येतो, पण कितव्यांदा आली हेही पट सांगत नाही. त्यासाठी चालींची नोंद लागते. ती हाताशी असेल तर पट उधळला गेला तरी बिघडत नाही. पहिल्या चालीपासून मांडत गेलं की हवी ती स्थिती पुन्हा उभी राहते.

आपण वापरतो ती बहुतेक सॉफ्टवेअर फक्त पट जपतात. नाटकाच्या तिकीटविक्रीची यंत्रणा घ्या. डेटाबेसच्या टेबलमध्ये प्रत्येक खुर्चीची एक ओळ असते. तिकीट विकलं गेलं की त्या ओळीत ‘आरक्षित’ लिहिलं जातं, रद्द झालं की त्याच्यावरच ‘रिकामी’. म्हणजे कुणीच कधी न घेतलेली खुर्ची आणि तीन जणांनी घेऊन सोडलेली खुर्ची, दोन्ही टेबलमध्ये अगदी सारख्या दिसतात.

या सवयीमागे एकेकाळी सबळ कारण होतं. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत आणलेल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. एवढ्याशा जागेत जुनं पुसून नवं लिहिणं हाच शहाणपणा होता. जागा स्वस्त झाली, सवय मात्र राहिली.

इव्हेंट सोर्सिंग या पद्धतीत ही सवय मोडली जाते. खुर्चीची आजची स्थिती ही मूळ नोंद नसतेच. मूळ नोंद असते ती घडलेल्या गोष्टींची: ‘खुर्ची आरक्षित झाली’, ‘पैसे मिळाले’, ‘ग्राहकाने तिकीट रद्द केलं’. नवी घटना शेवटी जोडायची, जुनीला हात लावायचा नाही. आजची स्थिती हवी असेल तर घटना क्रमाने वाचून ती काढायची. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००५ मध्ये या पद्धतीवर सविस्तर लिहिलं, आणि पुढे सॉफ्टवेअर-तज्ज्ञ ग्रेग यंग यांनी तिचा हिरिरीने प्रसार केला.

गंमत अशी की डेटाबेस स्वतः आतून असंच काहीसं करत असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस कुठलाही बदल आधी एका लॉगमध्ये, म्हणजे क्रमवार नोंदवहीत, लिहितो, मूळ फाइलींपर्यंत तो यथावकाश पोचतो. मध्येच वीज गेली तर लॉग पुन्हा वाचून सगळं जागेवर आणलं जातं. पण तो लॉग डेटाबेसच्या स्वतःच्या कामाचा असतो आणि काम झालं की जुना भाग टाकून दिला जातो. शिवाय ओळ कशी बदलली एवढंच त्यातून कळतं. ग्राहकाने तिकीट रद्द केलं की प्रयोगच रद्द झाला, हे त्याला ठाऊक नसतं.

प्रत्यक्षात मांडणी साधी असते. एकच टेबल: घटना कुठल्या खुर्चीची, त्या खुर्चीची कितवी, कुठल्या प्रकारची, तपशील काय, वेळ कोणती. खुर्ची आणि घटनेचा क्रमांक यांची जोडी दोनदा येऊ द्यायची नाही, एवढी अट डेटाबेसला घालायची. या अटीत बरंच काही दडलेलं आहे. दोघांनी एकाच क्षणी तीच खुर्ची मागितली, दोघांसाठीही सातव्या घटनेपर्यंत वाचून झालं आणि दोघांकडूनही आठवी लिहायचा प्रयत्न झाला, तर डेटाबेस एकीलाच आत घेतो. दुसऱ्याच्या वतीने पुन्हा वाचलं जातं, तेव्हा खुर्ची गेलेली दिसते. आधीपासून कुलूप लावून बसावं लागत नाही.

मग प्रत्येक वेळी सुरुवातीपासून वाचायचं? नाही. घटना फार साचल्या तर मध्येच एखाद्या टप्प्याचा स्नॅपशॉट, म्हणजे तोवरची तयार स्थिती, ठेवतात आणि पुढचं तिथून वाचतात. आणि ‘आत्ता कुठल्या खुर्च्या रिकाम्या आहेत’ यासारख्या प्रश्नांसाठी घटनांवरून वेगळं टेबल तयार ठेवतात, त्याला प्रोजेक्शन म्हणतात. ते किंचित मागे असू शकतं, पण चुकलं तर बिनधास्त फेकून पुन्हा बनवता येतं. मला या पद्धतीचं खरं बळ इथे दिसतं. लोक प्रयोगाच्या किती तास आधी तिकिटं रद्द करतात, असं वर्षभराने कुणी विचारलं, तर पहिल्या दिवसापासूनचं उत्तर हाताशी असतं. जुन्या टेबलवाल्याला आजपासून मोजायला सुरुवात करावी लागते.

अर्थात घटना अर्थपूर्ण असतील तरच. ‘खुर्चीची माहिती बदलली’ अशा घटनांचा डोंगर रचणारे डेव्हलपर असतात, त्यांच्या हाती खर्च तेवढा येतो. घटना पुन्हा वाचताना स्थितीच तेवढी उभी करायची असते, हे विसरलं तर जुन्या सगळ्या ग्राहकांना तिकिटाचे एसएमएस नव्याने जातात. आणि जुन्या घटना जात नाहीत. पाच वर्षांपूर्वी तपशिलात एकच किंमत होती, आता कर वेगळा लिहिला जातो. आजच्या प्रोग्रामला दोन्ही रूपं समजावी लागतात. पत्त्यांची यादी किंवा सेटिंग्ज यांसाठी हा व्याप करू नये, साधं टेबल बरं.

सर्वात अवघड प्रश्न मात्र पुसण्याचा. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातलं १७ वं कलम माणसाला, काही अपवाद वगळता, स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं. न पुसण्याच्या तत्त्वावर उभ्या यंत्रणेने काय करावं? एक उपाय बराच वापरला जातो. प्रत्येक ग्राहकाची वैयक्तिक माहिती त्याच्या स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करून घटनेत ठेवतात. मागणी आली की ती किल्ली नष्ट करतात आणि प्रोजेक्शनमधलं नाव काढतात. घटना जागच्या जागी राहते, क्रम शाबूत राहतो, नाव मात्र कुणालाच वाचता येत नाही. फक्त किल्ल्यांचं टेबल जुन्या वळणाचं ठेवावं लागतं: पुसलं की खरोखर पुसलं गेलं पाहिजे, आणि त्याच्या प्रत्येक बॅकअपमधूनही.