दूध काढणारं यंत्र आणि दूध शिजवणारं यंत्र

दुकानात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली असतात. दोन्हींना जग, झाकण, पातं आणि खोक्यावर पांढऱ्याशुभ्र दुधाचा पेला. एकाला ‘सोयामिल्क मेकर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नटमिल्क मेकर’, आणि ऑनलाइन विकणारे ही दोन नावं बिनदिक्कत एकमेकांना लावतात. मीही तशीच फसले. पहिल्या सकाळी दोन मिनिटांत सोयादूध तयार झालं, म्हणून खूश होऊन घोट घेतला. कच्च्या शेंगेचा हिरवट वास आणि घशाला खवखव!

फरक आचेचा आहे. बदाम, काजू, खोबरं वाटलं, गाळलं की दूध झालं. सोयाबीनचं तसं नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उकळल्यावरच निष्प्रभ होतात. अर्धकच्चं सोयादूध पिऊन मळमळ, उलट्या, जुलाब होतात. सोयादूध जिथे रोजच्या न्याहारीला असतं त्या चीनमध्येही असे प्रकार घडलेले आहेत.

शिजवणाऱ्या यंत्राच्या तळाशी किंवा झाकणाखाली तापणारा भाग असतो. आठ-दहा तास भिजवलेलं सोयाबीन आणि पाणी घालून बटण दाबलं की बहुतेक यंत्रं आधी पाणी तापवतात, मग थांबून थांबून वाटतात, मग उकळतात. वीस-तीस मिनिटं जातात. पाणी आधी तापवण्यात खरी हुशारी आहे. दाणा पाण्यात फुटला की त्यातलं लायपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) हवेच्या साथीने तेलावर काम करतं आणि तो कच्चट वास तयार होतो. साधारण ८० अंशांपुढे ते विकर मरतं. म्हणून गरम पाण्यात वाटलेलं दूध सौम्य लागतं, थंड पाण्यातलं उग्र.

ओळखायचं कसं? वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. मिक्सरही साडेसातशे वॅटचा असतो. वेळ बघा. दोन-तीन मिनिटांत काम उरकणारं यंत्र शिजवत नाही. पात्याच्या घर्षणाने दूध कोमट होतं, तेवढं पुरत नाही.

न तापणारं यंत्र आधीच घरी आलं असेल तर फेकू नका. भिजलेलं सोयाबीन चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, ते पाणी ओतून द्या आणि दाणे वाटा. (जगला गरम पाणी चालतं का, ते पुस्तिकेत पाहून घ्या.) गाळलेलं दूध मोठ्या पातेल्यात घेऊन ढवळत राहा. इथे एक चकवा आहे: उकळी यायच्या बऱ्याच आधी, ८० अंशांच्या आसपासच, फेस भसाभसा वर येतो. गाईच्या दुधाच्या सवयीने आपण ‘उतू चाललं’ म्हणून गॅस बंद करतो आणि दूध कच्चंच राहतं. आच कमी करा, फेस बसू द्या, आणि खरी उकळी फुटल्यावर आणखी दहा मिनिटं ठेवा. शिजवणाऱ्या यंत्रात हेच काम झाकणातली एक सळई करते: फेस तिला टेकला की आच थांबते.

स्वादाचं वेळापत्रकही दोन्हींत वेगळं. शिजवणाऱ्या यंत्रात साखर आधी घातली तर तळाशी करपते आणि घासताना जीव जातो. शेंगदाणे, काळे तीळ, चार बदाम मात्र सोयाबीनबरोबरच टाकावेत, दुधाला अंग येतं. न तापणाऱ्या यंत्राचं दूध पातेल्यातच उकळायचं, त्यामुळे वेलदोडा, जायफळ, केशर शेवटच्या दोन मिनिटांत. दोन्हींत मिठाची एक कणी घालाच. साखरेपेक्षा तिचा उपयोग जास्त, असं माझं मत. गूळ दूध कोमट झाल्यावर, नाहीतर फाटायची भीती. कडक गरम कॉफीतही ते फाटतं. तैवानमध्ये मात्र मुद्दाम व्हिनेगर घालून दूध फुटवतात आणि खारट न्याहारी म्हणून चमच्याने खातात.

राहिला चोथा. शिजवणाऱ्या यंत्रातला चोथा दुधाबरोबर शिजलेला असतो, तो सरळ थालीपिठाच्या पिठात मळता येतो. दुसऱ्या यंत्रातला कच्चाच. तो आधी कुकरला लावा, दोन शिट्ट्या जास्तच.