‘संमिश्र’ प्रतिसाद आणि ‘दुभंगलेला’ प्रतिसाद

चित्रपटाला कोणी डोक्यावर घेतलं नाही आणि कोणी पार झोडपलंही नाही, की आपण लिहून मोकळे होतो: प्रतिसाद संमिश्र. अर्ध्या लोकांनी डोक्यावर घेतलं आणि अर्ध्यांनी झोडपलं, तरीही आपण तेच लिहितो. खरं तर या दोन गोष्टींचं एकमेकींशी फारसं नातं नाही. सरासरी काढली की दोन्हींचा आकडा एकच येतो, एवढ्यावरच त्यांना एका माळेत ओवलं जातं.

हा फरक समजून घ्यायला २००४ सालच्या ‘नेपोलियन डायनामाइट’इतका सोयीचा चित्रपट दुसरा नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, युटाच्या सीमेजवळ प्रेस्टन नावाचं छोटं गाव आहे. कथा तिथलीच आणि चित्रीकरणही बहुतांशी तिथलंच. जॅरेड हेसचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा त्याने पत्नी जेरुशा हेससोबत लिहिली. खर्च सुमारे ४ लाख डॉलर, मुख्य भूमिकेसाठी जॉन हेडरला सुरुवातीला मिळालेले पैसे १,००० डॉलर आणि जगभरातली कमाई ४ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास. कथा म्हणाल तर शाळेतला एक उंच, कुरळ्या केसांचा, तोंड अर्धवट उघडं टाकून बोलणारा मुलगा, पेद्रो नावाचा त्याचा मित्र, मित्राची शाळेतली निवडणूक आणि १९८२ सालच्या फुटबॉलमधून अजून बाहेर न आलेला एक काका. घरी टीना नावाची लामाही (उंटाच्या कुळातलं जनावर) आहे. एवढंच.

परीक्षणं काय म्हणाली? अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी दीड स्टार दिले. नायक आपल्याला आवडावा असा प्रयत्नच चित्रपट करत नाही, ही त्याची मुख्य तक्रार. तिकडे सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षक हसून लोळले होते, आणि तिथेच फॉक्स सर्चलाइट या वितरक कंपनीने चित्रपट विकत घेतला. समीक्षकांची मतं गोळा करून शंभरपैकी आकडा देणारी दोन संकेतस्थळं आहेत: मेटाक्रिटिकवर त्याचा आकडा साठ-पासष्टच्या घरात आहे, रॉटन टोमॅटोजवर सत्तरीच्या. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की बरा चित्रपट असावा, रविवारी दुपारी लावायला हरकत नाही. पण ‘बरा आहे’ म्हणणारा माणूस या चित्रपटाच्या बाबतीत मला क्वचितच भेटला.

इथे जरा हिशेब मांडू. दहा जणांनी एक चित्रपट पाहिला. तिघांनी २ स्टार दिले, चौघांनी ३, तिघांनी ४. सरासरी ३. हा संमिश्र. दुसरा चित्रपट पाहून पाच जणांनी १ स्टार दिला आणि पाच जणांनी ५. सरासरी पुन्हा ३. हा दुभंगलेला. गंमत अशी, की दुसऱ्या चित्रपटाला ३ स्टार देणारा एकही माणूस त्या दहांत नाही. ही सरासरी कोणाच्याच मताची नाही.

हाच हिशेब पुढे लाखो डॉलरचा झाला. २००६ साली नेटफ्लिक्सने स्पर्धा जाहीर केली: कोणता ग्राहक कोणत्या चित्रपटाला किती स्टार देईल याचा आमच्यापेक्षा १० टक्के अचूक अंदाज बांधून दाखवा आणि १० लाख डॉलर घ्या. सरावासाठी १७,७७० चित्रपटांची सुमारे १० कोटी रेटिंग खुली केली. स्पर्धक बरेच पुढे गेले आणि मग काही मोजक्या चित्रपटांपाशी अडले. त्यांत सगळ्यांत हट्टी ‘नेपोलियन डायनामाइट’च. २००८ साली एका स्पर्धकाने सांगितलं होतं, की लक्ष्य गाठायला त्याची जी चूक कमी व्हायची राहिली होती, तिच्यातला १५ टक्के वाटा या एकट्या चित्रपटाचा आहे. रेटिंगची कमतरता होती म्हणावं, तर तसंही नाही. या चित्रपटाला नेटफ्लिक्सवर २० लाखांहून जास्त रेटिंग मिळाली होती. पण ती १ आणि ५ या दोन टोकांना गर्दी करून बसली होती.

असं का व्हावं? स्पर्धेत चूक मोजताना तिचा वर्ग करत. वरच्या संमिश्र चित्रपटाला सगळ्यांसाठी ३ असा अंदाज ठोकून दिला, तर चौघांच्या बाबतीत चूक शून्य, सहा जणांच्या बाबतीत एकेक. वर्गांची बेरीज ६. दुभंगलेल्या चित्रपटाला तोच ३ ठोकला, तर प्रत्येकाच्या बाबतीत चूक २, वर्ग ४, बेरीज ४०. अंदाज तोच, सरासरी तीच, दंड जवळजवळ सातपट. धोका पत्करून कोणाला १ आणि कोणाला ५ सांगावं, तर चुकलेल्या माणसामागे चूक ४ आणि वर्ग १६. (ही स्पर्धा शेवटी २००९ मध्ये ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ या संघाने जिंकली. दुसऱ्या संघाचा निकाल अगदी तेवढाच होता, फक्त तो वीस मिनिटं उशिरा पोचला.)

बरं, परीक्षणं वाचताना आपल्यासमोर रेटिंगचा तक्ता नसतो. मग ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघतो: ‘पण’ कुठे आहे. संमिश्र प्रतिसादात ‘पण’ एकाच परीक्षणाच्या पोटात असतो. अभिनय छान, पण उत्तरार्ध लांबला. विनोद खुसखुशीत, पण शेवट ओढूनताणून आणलेला. दहा परीक्षणं वाचली की दहाही जण साधारण त्याच जागांवर खूश आणि त्याच जागांवर नाराज दिसतात. दुभंगलेल्या प्रतिसादात एकेक परीक्षण आतून एकसंध असतं. ‘पण’ असतो तो एका परीक्षणाच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये. आणि दोघंही बोट ठेवतात ते एकाच प्रसंगावर.

या चित्रपटातला असा प्रसंग म्हणजे टेटर टॉट्सचा. बटाट्याचे हे छोटे तळलेले गोळे नेपोलियन जेवणाच्या सुट्टीत पँटच्या खिशात भरून ठेवतो आणि नंतर वर्गात बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, एकेक काढून खातो. शेजारचा मुलगा मागतो, हा देत नाही, तेव्हा तो खिशावर लाथ मारतो. कॅमेरा समोर ठाण मांडून बसलेला. इथे हसा असं सांगणारं संगीत नाही, वर्गातल्या कोणाच्या तोंडावर हसू नाही, प्रसंगाला पुढे काही फळही नाही. चाहता म्हणतो, शाळेतलं आयुष्य नेमकं एवढंच निरर्थक आणि केविलवाणं असतं. वैतागलेला म्हणतो, इथे काहीच घडलं नाही आणि एका बावळट मुलाची टर उडवून मात्र झाली. प्रसंगाचं वर्णन दोघांचं सारखंच. दुरुस्ती सुचवायला जागाच नाही, कारण एकाला जो दोष वाटतो तो काढून टाकला तर दुसऱ्याचा चित्रपटच उरत नाही. संमिश्र चित्रपट संकलनाच्या टेबलावर दहा मिनिटं कापून सुधारता येतो. हा तसा सुधारता येणार नाही.

माझंच सांगतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्ध्या तासात घड्याळ बघायला लागलो होतो. काही महिन्यांनी दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा त्याच लाथेला इतका हसलो की प्रसंग मागे नेऊन परत लावला. मधल्या काळात मी ३ स्टारवर कधीच थांबलो नव्हतो.

आकडे देणाऱ्या संकेतस्थळांचीही इथे गल्लत होते. मेटाक्रिटिक परीक्षणांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढतं, त्यामुळे दुभंग झाकला जातो. रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे किती समीक्षकांचा कौल अनुकूल पडला त्याचं प्रमाण. सगळ्यांना जेमतेम आवडलेला चित्रपट तिथे शंभराच्या जवळ जातो आणि काहींना वेड लावणारा सत्तरवर राहतो. म्हणून दोन्ही आकडे बाजूला ठेवून मी सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत वाईट अशी दोन परीक्षणं वाचतो. दोघांची भांडणं वेगवेगळ्या गोष्टींवरून असतील तर चित्रपट संमिश्र. एकाच गोष्टीवरून असतील तर तिकीट काढायचं की नाही हे त्या गोष्टीवरूनच ठरवायचं.

२००५ साली आयडाहोच्या विधिमंडळाने हेस दांपत्याचं आणि प्रेस्टन गावाचं कौतुक करणारा ठराव मंजूर केला. त्यात राज्याच्या बटाट्याची जाहिरात केल्याबद्दल टेटर टॉट्सचाही उल्लेख आहे. आणि शेवटी, चित्रपटाच्याच भाषेत, एक कलम: जो सदस्य या ठरावाच्या विरोधात मत देईल तो महामूर्ख.