लष्करी हस्तक्षेप आणि स्थिर शासन : गोव्याचा अनुभव

एका राज्याने दुसऱ्याच्या ताब्यातील प्रदेशात सैन्य पाठवून तेथील सत्ता उलथवणे किंवा सावरून धरणे म्हणजे लष्करी हस्तक्षेप. अशा कारवाईतून टिकाऊ शासन उभे राहते का, हा राज्यशास्त्रातील जुना वाद असून त्यात गोव्याचा दाखला क्वचितच दिला जातो. वास्तविक या प्रदेशाने निरनिराळ्या हेतूंनी आलेली तीन सैन्ये पाहिली आणि तिन्हींची निष्पत्ती वेगळी झाली. ‘स्थिर’ या शब्दाचे दोन अर्थ येथे वेगळे ठेवावे लागतात. मंत्रिमंडळ टिकणे ही एक गोष्ट आहे. सत्ताबदलाची रीत सर्वांना मान्य असणे ही दुसरी.

पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकले, तेव्हा त्याला इकडे वळवणाऱ्यांत तिमय्या (पोर्तुगीज कागदपत्रांतील तिमोजा) हा होनावरकडील दर्यासारंग पुढे होता. वर्षाच्या आरंभी घेतलेले शहर मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळवले आणि २५ नोव्हेंबरला अल्बुकर्कने ते पुन्हा घेतले. तिमय्याला स्वतःकडे गोव्याचा कारभार हवा होता. पाहुणे ४५१ वर्षे राहिले. सुरुवातीच्या काळात नव्या राज्यकर्त्यांनी गावकऱ्यांची जुनी जमीनव्यवस्था मोडली नाही, उलट १५२६ च्या फोरलमध्ये (सनदेत) तिचे हक्क लिहून घेतले, आणि राजवटीची पाळेमुळे रुजण्याचे एक कारण हेच आहे. मात्र दीर्घायुष्य म्हणजे संमती नव्हे. १५६० पासूनचे इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायालय), १७८७ चा पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा पिंटोंचा कट, १८५२ मधील दिपाजी राणे यांचा उठाव आणि सत्तरीतील राण्यांची विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चाललेली बंडे पाहता, नव्या काबिजादीत (अठराव्या शतकात जोडलेल्या मुलखात) तरी ही स्थिरता बंदुकीच्या धाकावर उभी होती असेच म्हणावे लागते.

दुसरे सैन्य इंग्रजांचे. टिपू सुलतान आणि फ्रेंच यांच्या भीतीने १७९९ मध्ये आलेल्या ब्रिटिश तुकड्या १८१३ पर्यंत येथे होत्या, पण मुलकी कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला. त्यांचा मागमूस म्हणून दोनापावलाजवळची दफनभूमी दाखवता येते. शासनसंस्थांत त्यांनी काहीच मागे ठेवले नाही.

तिसरा प्रसंग अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेथून नागरी हक्कांच्या चळवळीला धार आली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर सीमेवर गोळीबार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये गोव्याची गणना अस्वयंशासित प्रदेशांत केली, तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे असे सांगत राहिली. अखेर १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्याचे ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश बाजूला ठेवून गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी १९ तारखेला शरणागती पत्करली. त्या निर्णयामुळे पणजीसारखी शहरे बचावली, हे त्यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे. याच काळात सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व माघारीची मागणी करणारा ठराव सात विरुद्ध चार मतांनी आला आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने अडला.

ही कारवाई ‘परकीय’ होती काय, यावरच मतभेद आहे. पोर्तुगालने तिला आक्रमण म्हटले, तर भारताच्या मते वसाहतवाद्यांनी बळकावलेला स्वतःचाच भूभाग परत घेतला गेला. गोव्यात रूढ शब्द मुक्ती हाच आहे.

कारवाईनंतर मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी गव्हर्नर झाले, पण त्यांचा अंमल काही महिन्यांचाच होता. १९६२ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली. तिचा निकाल या नोंदीच्या दृष्टीने कळीचा आहे. ज्या काँग्रेसच्या सरकारने सैन्य पाठवले, तिला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बहुजन समाजाच्या पाठिंब्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स (युगो) पक्ष विरोधात बसला. दिल्लीने हा निकाल निमूटपणे स्वीकारला.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. मगो पक्षाला महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते, युगो पक्षाला वेगळे अस्तित्व. बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिले. या दोन कौलांत विसंगती शोधणाऱ्यांना, बांदोडकरांच्या पाठीशी असलेल्या मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे) आणि कुळांचे भाटकारांशी (जमीनदारांशी) असलेले जुने हिशेब ठाऊक नसावेत.

याच्या तुलनेत अमेरिकी फौजांनी घेतलेल्या इराकमध्ये मे २००३ मध्ये आधीच्या सत्ताधारी बाथ पक्षाच्या अधिकाऱ्यांना काढून सैन्यच बरखास्त केले गेले आणि राज्ययंत्रणा पोकळ झाली. अफगाणिस्तानात दोन दशके बाहेरच्या पैशावर व फौजेवर तोललेले शासन ऑगस्ट २०२१ मध्ये कोसळले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातला जपान हे उलट उदाहरण सांगितले जाते, पण तेथे नोकरशाही व संसद आधीपासून होती. भारताचा स्वतःचा अनुभवही एकसारखा नाही. बांगलादेशातून भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्येच परतले, तरी १९७५ मध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली. श्रीलंकेत १९८७ मध्ये गेलेले शांतिसेनेचे पथक १९९० मध्ये हेतू न साधताच माघारी आले. म्हणून गोव्याचे यश लष्कराच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक, कुलदैवते आणि भाषा यांचे धागे होते, मुंबईत गोवेकरांच्या पिढ्या कामाला होत्या, आणि लगतच चालती लोकशाही होती. अशी जुळणी इतरत्र सहसा आढळत नाही.

मंत्रिमंडळांच्या बाबतीत मात्र गोवा स्थिर म्हणता येत नाही. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यानंतर पक्षांतरे नित्याची झाली. १९९० मध्ये चर्चिल आलेमाव यांचे मुख्यमंत्रिपद जेमतेम अठरा दिवस टिकले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. तरीही प्रत्येक वेळी वाद विधानसभा, न्यायालय किंवा मतपेटी यांच्याकडेच गेला.

१९६१ मध्ये हरलेल्या पोर्तुगालची मान्यता उशिरा आली. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने त्या देशाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. उलट दिशेनेही काही शिल्लक राहिले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६२ च्या कायद्याने चालू ठेवण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसाहक्कालाही ती लागू होते, असा निर्णय दिला.