रोज दिसणारा चेहरा आणि घरात न सांगितलेली गोष्ट

खानापूरहून सकाळच्या बसनं बेळगावला कॉलेजला येणारी पोरंपोरी बघा, तीच बस, तेच चेहरे, आणि वर्ष संपायच्या आत कुणाला तरी कोणतरी आवडायला लागतंच, मग मित्र म्हणणार नशीब बे तुझं. नशीब असेल थोडं, पण रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच दाखवलं होतं की नुसतं परत परत बघितल्यानंही आवड वाढते. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच यांनी तर सरळ कॉलेजच्या वर्गातच हे करून बघितलं. दिसायला साधारण सारख्याच चार मुली, एक वर्गात आलीच नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा येऊन नुसत्या बसल्या, कुणाशी बोलायचं नाही. शेवटी पोरांना फोटो दाखवले तर जास्त वेळा आलेली जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे तिला आपण बघितलंय हे पोरांना धड आठवतही नव्हतं! (आधीपासून डोक्यात जाणारा माणूस मात्र रोज दिसला तर अजूनच डोक्यात जातो, त्याला इलाज नाही.)

आवडण्याचं सोपं आहे हो, पुढं खरं बोलायचं अवघड. पोरगी कन्नड घरातली, पोरगा मराठी, "घरात सांगितलास काय रे?" "सांगतो की, बघूया" असं करत दोन वर्षं जातात. बेला डीपॉलो यांनी १९९६ मध्ये लोकांना आपल्या खोटं बोलण्याची डायरी ठेवायला लावली, तर कॉलेजची पोरं दिवसाला साधारण दोन आणि बाकीचे लोक एक थाप मारत होते. जवळच्या माणसांशी छोट्या थापा कमी, पण मोठं, गंभीर खोटं बघितलं तर ते बऱ्याचदा जवळच्यांशीच बोललेलं असतं. कारण तिथंच गमवायची भीती. आणि पकडलं जाईल म्हणाल तर तेही नाही, थाप ओळखण्यात माणूस सरासरी ५४ टक्केच बरोबर येतो, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आईला सगळं कळतं म्हणतात ते जाऊ दे.

पण ही भीती आपण फुगवून ठेवतो असं दिसतंय. २०१८ मध्ये एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी काही लोकांना तीन दिवस सगळ्यांशी एकदम खरं बोलायला सांगितलं, आणि इतरांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचे दिवस बरे गेले, नाती जवळ आल्यासारखी वाटली. आता तो प्रयोग तीनच दिवसांचा, माणसं अमेरिकेतली. शहापुरातल्या घरात आजी, काका, दोन आत्या सगळे हॉलमध्ये बसलेत आणि पोरगा तोंड उघडतोय, ते वेगळं मोजायला लागेल.