कुत्र्यासह रेवदंड्याची खाडीफेरी : पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मुक्कामाला येताना आपला कुत्राही सोबत आणणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही रेवदंड्यात सकाळची एक फेरी ठेवली आहे. भरतीच्या वेळी वाळूचा पट्टा अरुंद होत असल्याने निघण्याची वेळ रोज बदलते आणि ती आदल्या संध्याकाळी कळवली जाते.

फेरीची सुरुवात पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटातून होते. आजचे गाव या तटबंदीच्या आतच वसलेले असल्यामुळे नारळी-पोफळीच्या वाड्या ओलांडता ओलांडता आपण उंच, सातखणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्यापाशी येतो. १५७१ मध्ये निजामशाही फौजेचा वेढा सोसलेले हे ठाणे १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. पुढे कुंडलिका नदीचे मुख लागते. १५०८ मध्ये याच बंदरात इजिप्त व गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. समोरच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. मात्र त्याची चढण या फेरीत नाही, कारण उन्हात तापलेल्या कातळावर चढणे कुत्र्यांना सोसत नाही.

खाडीच्या दगडांना चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारदार कडांनी पंजे कापतात, म्हणून तेथे आम्ही वरच्या वाटेने जातो. किनाऱ्यावर वाहून आलेला केंड (अंग फुगवणारा) मासा मात्र खरा धोका आहे. तो विषारी असून मेल्यावरही कुत्र्याने तोंडात धरला तर जिवावर बेतू शकते. कुत्र्याने खारे पाणी प्यायल्यास उलट्या होतात, त्यामुळे गोड पाणी व वाटी आम्ही बरोबर ठेवतो. वाळूवर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला चटका बसला, तर त्यालाही बसतो.

कुत्र्याचा पट्टा संपूर्ण फेरीत बांधलेला असावा. पडक्या भिंतींच्या गवतात साप असू शकतात, आणि वाळत घातलेल्या मासळीपाशी तर अतिशय शिस्तीचा कुत्राही शिस्त विसरतो. अशा वेळी झालेल्या नुकसानीची भरपाई मालकाने मासळीवाल्या ताईंना जागेवरच द्यावी. गावातील कुत्रे आपापल्या हद्दीत भुंकतात, पण पट्टा सैल न सोडता शांतपणे पुढे चालत राहिल्यास सहसा मागे येत नाहीत.

रेबीजच्या लसीची नोंद निघण्यापूर्वी दाखवावी लागेल. लेप्टोस्पायरोसिसची लसही दिलेली असावी, असा आमचा आग्रह आहे. पावसाळ्यात ही फेरी बंद असते. परतल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुऊन कानामागे व बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का ते पाहावे; त्यासाठी अंगणात नळ व जुने टॉवेल ठेवलेले आहेत.