फलाट आणि बसमधली फट: पुण्याच्या बीआरटीची पार्श्वभूमी

पेठेत घर, कॅम्पात नोकरी, मंडईत भाजी. पुण्याची ही जुनी अंतरे सायकलच्या टप्प्यातली होती. आकुर्डीत स्कूटर बनतच होत्या, १९७२ मध्ये लूना ही मोपेड आली आणि वस्ती कोथरूड, धनकवडी, हडपसरकडे पसरत गेली. १९५० पासूनची पुण्याची बससेवा पीएमटी आणि १९७४ पासूनची पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या पसाऱ्यामागे धावत राहिल्या. ज्यांना गाडी परवडत होती ते बसमधून उतरले. उरले विद्यार्थी, धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या बाया, म्हातारी माणसे. अपंगांना तर तीन उंच पायऱ्यांमुळे बस कधी मिळालीच नव्हती.

बीआरटी, म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट किंवा जलद बससेवा, ही कल्पना मेट्रोइतका पैसा नसलेल्या शहरांतून आली: ब्राझीलचे कुरितिबा (१९७४) आणि कोलंबियाचे बोगोटा (२०००). बसचा वेळ थांब्यावर जातो, पायऱ्या चढण्यात आणि तिकीट काढण्यात. म्हणून बसला स्वतंत्र मार्गिका, तिकीट आधीच फलाटावर आणि फलाट बसच्या तळाइतका उंच. तिसरी गोष्ट वेग वाढवते आणि तीच चाकाच्या खुर्चीलाही आत घेते. समावेशकता म्हणून वेगळे काही जोडावे लागत नाही, हे या रचनेचे मोठेपण आहे.

२००५ च्या अखेरीस शहरांच्या विकासासाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली आणि डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग सुरू झाला. घाई झाली होती. मार्गिका आखल्या, पण पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा अपुऱ्या राहिल्या. रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्याला पोचणे हेच जोखमीचे ठरले. २००७ मध्ये दोन्ही बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली. ‘रेनबो’ नावाने दुसरी फेरी २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे मार्गांवर आली. या वेळी फलाट उंच, बसला उजवीकडेही दरवाजे. तिकीट मात्र वाहकाकडेच राहिले.

खरी परीक्षा फलाट आणि बस यांच्यातल्या फटीची. बसचा तळ रस्त्यापासून साधारण ९०० मिमी उंच, फलाटही तेवढाच. चालकाने बस फलाटाला अगदी लगटून, सरळ लावायची असते. चाकाच्या खुर्चीची पुढची चाके लहान असतात. फट रुंद झाली की तीच आधी अडकतात. टायर काठाला घासेल म्हणून चालक अंतर ठेवतो. पाट्याच्या स्प्रिंगची बस भरली की तळ खाली बसतो. जुना थर न खरवडता मार्गिकेवर नवे डांबर पडले, की तीच बस फलाटापेक्षा उंच होते. फलाटाचे सरकते दरवाजे बिघडून उघडे राहिले, की लोक सरळ मार्गिकेत उतरतात. यातले काहीही आराखड्यात दिसत नाही, सगळे देखभालीत ठरते.

फलाटावर चढायचा उतार १:१२ असावा लागतो. म्हणजे ९०० मिमी उंचीसाठी जवळपास ११ मीटर लांबी, वर सपाट टप्पे वेगळेच. चौकाजवळ एवढी जागा निघत नाही, म्हणून उतार आखूड आणि खडा केला जातो आणि खुर्ची हाताने ढकलणाऱ्याला तो झेपत नाही. दुचाकी घुसू नये म्हणून लावलेल्या खांबांचेही तसेच. खुर्चीला सुमारे ९० सेंमी मोकळी वाट हवी, आणि तेवढ्यातून स्कूटर सहज जाते. खांब जवळ आणले की स्कूटर अडते आणि खुर्चीही. यावर खांबांचा तोडगा नाही. तिथे माणूसच उभा करावा लागतो.

२०१६ मध्ये अपंग हक्क कायदा आला, त्याच वर्षी महापालिकेचे पादचारी धोरणही. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्याच काळातले. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको, हे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मापदंड आधीच होते.

पुढे नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग काढून टाकला गेला. अशा ठिकाणी उंच तळाची बस पुन्हा डाव्या कडेला थांबते. १५० मिमीच्या पदपथावरून उरलेले ७५० मिमी प्रवाशाला पुन्हा पायऱ्यांनीच चढावे लागतात.